शनिवारचा पिझ्झा

रविवार, ६ ऑक्टोबर

हवा दमट, दक्षिणेचा ओला वारा. अशा हवेत पिठाला पाणी कमी लागतं. यीस्टही चिमूटभर कमी.

सवयीने लिहून गेलो. एकेचाळीस वर्षं भट्टीवर गेल्या गेल्या या वहीत आधी हवा आणि मग कणकेचं माप लिहीत आलो. गेल्या सोमवारी भट्टी सुटली, पण हात थांबत नाही. आता कणीक नाही, तर काल घरात जे घडलं ते लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल माझा घरातला पहिला शनिवार. पिझ्झा करणाऱ्याला शनिवार नसतो, आमचं लग्नसुद्धा गुरुवारी झालं. संध्याकाळी एर्सिलियाने पिझ्झा केला. दर शनिवारी ती घरी पिझ्झा करते हे मला ठाऊक होतं, म्हणजे फक्त ठाऊक होतं. रुओतोत करते. रुओतो म्हणजे तिच्या आईची, काळी पडलेली गोल पत्र्याची परात. तळाला जाड कणीक, वर टोमॅटो, वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची आणि धुरी दिलेलं प्रोव्होला चीज. मी दोन तुकडे खाल्ले. ती स्वतः खात नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिला उस्तादाचं मत हवंय. तेव्हा दिलं.

"छान झालंय. पण एर्सिलिया, हा पिझ्झा नव्हे हं."

आता यात खोटं काय आहे? पिझ्झा लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटात होतो. बाकी सगळी पावावरची भाजी. हे मी कुणालाही सांगितलं असतं.

तिने सुरी खाली ठेवली. एप्रन सोडला, त्याची नीट घडी केली आणि ती माझ्या खांद्यावर टाकली. मग आत जाऊन रात्रीचा झगा आणि रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरल्या.

"कुठे निघालीस?"

"तू रिटायर झालास ना? मीही झाले."

आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बहिणीकडे निघून गेली. आमचा बोळ ओलांडायला नऊ पावलं लागतात. मला वाटलं, सकाळच्या कॉफीला येईल. दुपारचा एक वाजला. कॉफी मीच केली, ती उतू गेली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

हवा तशीच. दोन दिवस वाट पाहून आज बाल्कनीखाली उभं राहून हाक मारली. एर्सिलिया आली नाही, तेरेझिना आली. ही माझी मोठी मेहुणी. विधवा आहे, तोंडाला लगाम नाही, आणि आवाज असा की बंदरातली माणसं मान वर करतात.

"काय मास्तो, भूक लागली वाटतं?"

मास्तो म्हणजे उस्ताद. सगळं कास्तेल्लामारे गाव मला मानाने मास्तो म्हणतं. तेरेझिनाच्या तोंडी तीच शिवी होते.

"एर्सिलियाला खाली पाठव."

"ती केस धुतेय."

"मग तिला सांग, झालं गेलं विसरून जा. मी काही रागावलेलो नाही."

तेरेझिना एवढ्या मोठ्याने हसली की पाववाल्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. "ऐकलंस का गं एर्सिलिया? हे रागावलेले नाहीत! केवढं मोठं मन!" मग ती आत गेली. बऱ्याच वेळाने आली आणि कठड्यावर दोन्ही कोपरं ठेवून पोलिसासारखा निरोप वाचला. "पिझ्झा म्हणजे काय असतं ते मास्तोंनी घरी करून दाखवावं. घरच्या ओव्हनमध्ये, रुओतोत. तोवर ती इथंच राहील. आणि घाई मुळीच नाही म्हणते."

एवढंच ना! मला हसू आलं. हा तर माझ्या हातचा मळ. एकेचाळीस वर्षांत किती हजार पिझ्झे थापले देव जाणे, त्यात आणखी एक. शनिवारी संध्याकाळी ती घरी असेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

हवा कोरडी. पीठ एक किलो, पाणी सहाशे वीस, मीठ तीस, यीस्ट दोन ग्रॅम. काट्यावर मोजून.

ओव्हन अडीचशेच्या वर जात नाही. माझ्या भट्टीत चारशे ऐंशी असायचं. हा ओव्हन आहे की कपाटातला दिवा? तरी मी कणीक हातांवर थापली, फिरवली, काठ जाड ठेवला, मध्ये पातळ केलं, टोमॅटो, भाज्या, चीज, सगळं एकदम घातलं आणि दार लावलं. भट्टीसमोर आपण उभेच असतो, नव्वदपर्यंत मोजायचं की झालं. इथे मी उभा राहिलो आणि काहीच होईना. दहा मिनिटं. पंधरा. पाय दुखायला लागले. पंचवीस मिनिटांनी बाहेर काढलं तर काठ दगड, मध्ये भाज्यांच्या पाण्याचं डबकं, आणि चीज तपकिरी होऊन एका जागी आक्रसून बसलेलं.

माणसाने इथे थांबावं. पण तेरेझिनाचा निरोप सगळ्या बोळाने ऐकला होता. चार तुकडे कापून ताटलीत ठेवले, वर फडकं टाकलं आणि बाल्कनीखाली गेलो. तेरेझिनाने दोरीने टोपली सोडली. ती वर जाईपर्यंत सगळा बोळ खिडक्यांत. पाववाल्याने तर खुर्ची बाहेर आणली.

पाच मिनिटांनी टोपली खाली आली. चारही तुकडे जसेच्या तसे.

"ती विचारतेय," वरून तेरेझिना ओरडली, "चीज आहे की चपलेचा तळवा?"

"ओव्हन बेकार आहे! अडीचशेवर जात नाही!"

"नाचता येईना अंगण वाकडं! त्याच ओव्हनवर तिने तुझी पोर वाढवली!"

बोळ हसला. मी मान खाली घालून घरी आलो आणि एक तुकडा खाऊन पाहिला. चपलेचा तळवा म्हणणं अन्याय आहे. पण फार मोठा नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

बोलोन्याला ओर्नेल्लाला फोन केला. लेक माझी समंजस आहे, पण या प्रकरणात कुणाच्या बाजूची ते कळत नाही.

"पप्पा, मम्मीला विचार ना."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मग तू तिच्याशी बोल."

"बोलणार आहे, आधी पिझ्झा होऊ दे. ती पीठ किती घ्यायची ते सांग."

"मागेल तितकं."

"कोण मागेल?"

"अरे, पीठच. ती आधी पाणी घ्यायची आणि कणीक मागेल तितकं पीठ घालत जायची. मी विचारलं तरी हेच सांगायची. आणि चीज शेवटी, पप्पा. अगदी शेवटची पाच मिनिटं. सकाळीच कापून चाळणीवर निथळत ठेवायची."

हे मी लिहून घेतलं. चीज शेवटी. भट्टीत दीड मिनिटात सगळं एकदम होतं म्हणून आम्हाला हे शिकावंच लागत नाही, यात माझा काय दोष?

मग ती उगाच जुन्या गोष्टी काढत बसली. शनिवारी आठला जेवायच्या दोघी. मम्मी तिसरं ताट मांडायची. "मी एकदा विचारलं, हे कुणाला? तर म्हणाली, खिडकीतून वारा येतो, टेबलावरचं कापड उडतं, म्हणून वजनाला."

आमच्या खिडकीतून समुद्राचा वारा येतो हे खरंच आहे. मी ओर्नेल्लाला म्हटलं, कापडाला चिमटे लावता आले असते. ती म्हणाली, "ठेवते पप्पा, मुलाला आणायला जायचंय."

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी पास्कालिनाच्या गाडीवर भाजी घेतली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई, सगळ्या गल्लीच्या पोटात काय जातं ते हिला ठाऊक.

"वांगी मीठ लावून ठेवायची तासभर, मास्तो. मग पिळून तळायची. झुकिनी पातळ कापून तळायची. मिरची भाजून सोलायची. कच्चं घातलंत तर पोहायला पाणी होईल."

"झालंय पोहून."

"ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." तिने तीन झुकिन्या पिशवीत टाकल्या, मग चौथी टाकली. "आणि ही एक जास्तीची. एर्सिलिया शनिवारी नेहमी एक जास्त घेते. म्हणते, माझ्या कातेल्लोला आवडते."

मला झुकिनी आवडते खरी. पण शनिवारी रात्री मी घरी जेवतच नव्हतो. दीड वाजता यायचो, पिझ्झ्याचा वास आला तरी मळमळायचं. चुलीवर फडक्याखाली झाकून काहीतरी असायचं. मला वाटायचं, रविवारच्या न्याहारीचं आहे. मग ही जास्तीची झुकिनी कशाला? बायकांच्या खरेदीचं कोडं सुटत नाही.

भाज्या तळल्या, चीज निथळलं, शेवटी घातलं. कणीक मात्र मापानेच मळली. पीठ मला काही मागितल्याचं ऐकू आलं नाही. दिसायला बरा झाला. टोपली वर गेली. खाली आली तेव्हा एका तुकड्याचा कोपरा खाल्लेला होता. लहानसा, पुढच्या दातांचा घास. तिचाच, मी ओळखतो. तिचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर आलेले आहेत.

"मीठ!" तेरेझिना एवढंच म्हणाली.

"कमी की जास्त?"

"ते नाही सांगितलं!"

तरी मी खूश आहे. बोलली तर खरी. घरी येऊन तो चावलेला तुकडा मी खाल्ला. मीठ जास्त झालं होतं. वांग्यांना लावलेलं मी धुवायला विसरलो.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

हवा लिहायची राहिलीच. पाऊस असावा, शर्ट वाळले नाहीत.

रोज एक गोळा मळतोय. मापाशिवाय. पहिले दोन खळ झाले. आज आधी पाणी घेतलं, त्यात मूठ मूठ पीठ. एका क्षणी कणीक हात सोडून स्वतःलाच चिकटायला लागली आणि थांबावंसं वाटलं. मागेल तितकं म्हणजे हेच असावं. चार दशकं काट्यावर जगलेला माणूस मी, एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आता पुरे?" कणीक काही बोलली नाही. घरात दुसरंही कुणी नव्हतं बोलायला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

झाला! परातीला आतून चांगलं तेल लावून घेतलं, गोळा तिच्यात ठेवून बोटांनी दाबत दाबत काठापर्यंत नेला, तासभर झाकून ठेवला. फुगला. टोमॅटो आणि भाज्या घालून अठरा मिनिटं, मग चीज घालून पाच. तळ बोटाने वाजवला तर पोकळ आवाज. मी स्वतः एक तुकडा खाल्ला आणि भट्टीवरच्या पोरांना ओरडायचो तसा ओरडलो, "शाब्बास!"

टोपली वर गेली. मी खाली उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ताटली खाली आली ती चाटूनपुसून स्वच्छ. बोळात टाळ्या पडल्या. पाववाल्याने माझ्या पाठीत थाप मारली. मी वर बघत राहिलो, म्हटलं आता ती कठड्याशी येईल. बाल्कनीचं दार बंद झालं.

लाजत असेल. सकाळी येईल.

रविवार, २७ ऑक्टोबर

आली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर तेरेझिना एकटी भेटली.

"ताटली रिकामी होती," मी म्हटलं.

"हो. मी दोन तुकडे खाल्ले, खालच्या मजल्यावरच्या नवराबायकोने दोन. चांगला होता रे. खरंच चांगला होता."

"आणि तिने?"

"तिने हातही लावला नाही."

मी विचारलं, "आता काय कमी होतं? मीठ?"

तेरेझिनाने माझ्याकडे असं बघितलं की चाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं, म्हणजे शिवी न देता. "गाढवा, तिला पिझ्झा नकोय."

"तिनेच तर मागितला! तूच निरोप वाचलास!"

"वाचला. आणि तू तो तंतोतंत पाळलास. केलास की टोपलीत घालून दिलास पाठवून. गिऱ्हाइकाला देतात तसा."

"मग काय हवंय तिला?"

"ते मी सांगितलं, तर तुझा उपयोग काय?"

तेरेझिनाला कोड्यात बोलायची खोड आहे. तिचा नवरा बिचारा हसत हसत गेला, आता कळतं का. पण मला हसू येत नाही. तीन आठवडे झाले. पलंगाच्या तिच्या बाजूची चादर अजून ताणलेली आहे. मी माझ्याच बाजूला झोपतो, मधल्या रेषेच्या पलीकडे जात नाही. मला ती घरी हवी आहे, पिझ्झा गेला खड्ड्यात.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. सगळं गाव कबरस्तानात. एर्सिलियाच्या आईच्या दगडापाशी ती आधीच येऊन शेवंतीची फुलं लावत होती. मीही शेवंतीच नेली होती. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. तिने न बोलता माझी फुलं घेतली, देठ तोडून तिच्या फुलांत मिसळली. मग माझ्या कोटाची कॉलर नीट केली. एका बाजूने आत दुमडली होती म्हणाली.

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "ओव्हन अडीचशेच्या वर जात नाही."

"ठाऊक आहे. तेवीस वर्षं झाली त्या ओव्हनला."

"मी तळाच्या कप्प्यात ठेवतो आता."

"बरं करतोस." ती दगडावरचं पाणी पुसत होती. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शनिवारी संध्याकाळी भूक लागते का रे तुला?"

"लागते. आठला."

"आठला सगळ्यांनाच लागते," ती म्हणाली आणि रुमाल पिळून निघून गेली. मी दगडावरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं. त्यांनीही कधी माझी बाजू घेतली नाही.

संध्याकाळी पिझ्झा केला, पण टोपली मागवली नाही. काय वाटलं कुणास ठाऊक, टेबलावर दोन ताटं मांडली. आठ वाजले. पिझ्झा टेबलावर, वाफ येतेय. जिन्यात पावलं वाजली की मी सरळ बसायचो. पहिल्या मजल्यावरची मुलगी आली, तिच्या मागून पाण्याच्या बाटल्या आणणारा माणूस. साडेआठला चीज गोठलं. मी जेवलो नाही. एकट्याने कसं सुरू करायचं? नऊला पिझ्झा फडक्याने झाकून ठेवला, चुलीवर.

फडकं टाकताना माझा हात तसाच थांबला. मग मी खुर्चीवर बसलो आणि किती वेळ बसून राहिलो, ठाऊक नाही. रविवारची न्याहारी नव्हती ती.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तीन दिवस वहीला हात लावावासा वाटला नाही.

आज तेरेझिनाचा जिना चढलो. बोळातून हाका मारणं सोपं असतं. तीन मजले, गुडघ्याने प्रत्येक पायरी मोजली. हातात ताटली नाही, फुलं नाहीत. दार एर्सिलियानेच उघडलं. तेरेझिना मागून डोकावली आणि, विश्वास बसणार नाही, एक शब्द न बोलता आत गेली.

मी म्हटलं, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"ते. घरचं."

"भट्टीवरच्या मास्तोला पिझ्झा येत नाही?"

"भट्टीवरचं येतं. घरचं येत नाही. शिकव मला."

ती दारातच उभी होती, हात ओले. मी अजून बोललो. फडक्याखालचं मी कधी उघडून पाहिलं नाही, म्हटलं. कुणासाठी आहे हेही कधी विचारलं नाही. बोलता बोलता माझा आवाज फाटला, आणि जिन्यात आवाज घुमतो म्हणून खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं ते मला दिसलं. झालं तर झालं.

एर्सिलियाने हात पुसले. "तू तेव्हा दमून यायचास," ती म्हणाली. "मलाही तुला उठवून सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मानी होते." मग नाक ओढलं. "शनिवारी चारला येते. दाखवून परत येईन हं इकडे. आशा लावून बसू नकोस."

"नाही बसत," मी म्हटलं. उतरताना गुडघा दुखला नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

काल चार वाजता आली. स्वतःच्या घरात बेल वाजवून. मी दार उघडेपर्यंत बाहेर उभी राहिली, मला वाईट वाटलं.

एप्रन मी तिला द्यायला गेलो तर म्हणाली, "तू बांध. आज तू करणार." आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली, हात मांडीवर, जत्रेत तमाशा बघायला आल्यासारखी.

आधी पाणी घेतलं. मूठ मूठ पीठ. शेवटी राहवलं नाही तिला. उठली, माझ्या मागून येऊन दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले. "तू हाणतोस रे हिला. तुमच्या तिथे रांग असते दारात, इथे कुणाला घाई आहे? दाब, आणि सोड. दाब, आणि सोड." तिच्या हातांना साबणाचा वास होता. मी मुद्दाम दोन-तीनदा चुकलो. तिला कळलं असावं, कारण तिने कोपर मारलं.

"आता पुरे?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस, तिला विचार."

कणीक फुगेपर्यंत आम्ही वांगी तळली. ती मला तळू देत नव्हती आणि मी करतो म्हटलं तर "कर ना" म्हणून झारा सोडतही नव्हती. ओर्नेल्लाचा फोन आला. एर्सिलियाने उचलला आणि म्हणाली, "नंतर कर गं, पप्पा कामात आहेत." हे वाक्य या घरात हजारदा बोललं गेलं असेल, पण काल पहिल्यांदा मी ते ऐकलं, आणि काम घरातलंच होतं.

आठ वाजता पिझ्झा टेबलावर आला. तिने दोन ताटं मांडली. मी बसायला गेलो.

"ती ओर्नेल्लाची खुर्ची."

मी दुसरी ओढली.

"ती माझी."

"मग माझी कुठली?"

तिने हनुवटीने खिडकीकडची दाखवली. चारही खुर्च्यांना तिने एकाच फुलाफुलांच्या कापडाच्या गाद्या शिवल्या आहेत, ओर्नेल्ला शाळेत होती तेव्हा. त्या दोघींच्या गाद्या बसून बसून चपट्या झाल्यात, फुलं पुसून गेलीत. खिडकीकडच्या खुर्चीची गादी अजून फुगीर होती आणि फुलं लाल होती. मी त्या गादीवर बसलो. जरा उंच वाटलं, पण बोललो नाही.

मी खाल्लं. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्या शनिवारी बघत होती तशीच.

"मग? काय आहे हा, मास्तो?"

"ठाऊक नाही. अजून एक तुकडा दे."

तिने दिला. मग स्वतः खायला लागली. झुकिनीचे काप वेचून माझ्या ताटात टाकत होती. मीठ बरोबर होतं. तेरेझिनाच्या घोरण्याचा विषय निघाला तेव्हा ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

साडेनऊला ती उठली. ताटं धुतली, मी पुसली. मग तिने हात कोरडे केले आणि दाराकडे निघाली. मला कळलंच होतं, तिने आधीच सांगितलं होतं, दाखवून परत जाईन. मी तिचा कोट खुंटीवरून काढला. धरून उभा राहिलो. म्हटलं, चालेल, बोळ नऊ पावलांचा आहे, पुढच्या शनिवारी परत येईल.

तिने दार उघडून जिन्यात डोकावलं, पुन्हा लावलं, आणि आतून साखळी लावली.

आमच्याकडे घरातला शेवटचा माणूस आत आल्यावरच साखळी लागते. शनिवारी ती नेहमी मीच लावायचो, दीड वाजता, दोघी झोपल्यावर.

"एवढ्या लवकर?" मी म्हटलं. कोट माझ्या हातातच होता.

"का? अजून कुणी यायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "सगळे आलेत."